पोकर : पानें, गणित आणि संयम

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, केशोरी नांवाचें गांव आहे. भोंवतालीं जंगल, मध्यें धानाच्या बांध्या आणि दूरच्या बाजारांतही नांव मिळविलेली तिखट मिरची, अशी या गांवाची ओळख सांगतां येईल. शेतीचीं कामें जशीं ऋतूंना बांधलेलीं, तसा करमणुकीलाही येथें ऋतु ठरलेला असतो. दिवाळी झाली कीं झाडीपट्टींत गांवोगांवीं मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटकें चालतात. त्याच्या कितीतरी आधीं, पावसाची झड लागून रोवणी अडली, कीं छपरींत चार माणसें बसतात आणि त्यांच्यामध्यें पत्त्यांचा कॅट येतो.

त्या कॅटांतील बावन्न पानांशीं गांवांतल्या लहानथोरांचा परिचय असतो. बदाम, चौकट, इस्पिक आणि किल्वर हीं चार घराणीं. प्रत्येकांत दुर्रीपासून दश्शीपर्यंत प्रजा आणि वर गुलाम, राणी, राजा व एक्का. मुलें बदाम सात आणि झब्बू खेळतात, वडील माणसें मेंढीकोट मांडतात, आणि कोणाच्या खिशांत चार पैसे असले तर तीन पत्तीचा डाव सुरू होतो. पोकर हें नांव मात्र अशा छपरींत परकें वाटतें. आलिशान जुगारगृहें, हिरव्या कापडाचीं मेजें, इंग्रजी चित्रपट यांच्याशींच तें जोडलेलें असतें. परंतु ज्याला तीन पत्ती येते, त्याला पोकरची अर्धी वाट चालून झालेली असते. उरलेली अर्धी वाट कोणती आणि तींत धोका कोठें आहे, तें समजून घेण्यासारखें आहे.

पत्त्यांचा खेळ महाराष्ट्राला नवा नाहीं. सावंतवाडीस लाखेचे रंग चढविलेल्या वाटोळ्या गंजिफा आजही बनतात. दशावतारी गंजिफांत एकशें वीस पानें असतात: दहा अवतारांचीं दहा घराणीं आणि प्रत्येकांत राजा, प्रधान व एकपासून दहापर्यंतचीं पानें. ही कला मरणपंथास लागली असतां सावंतवाडीच्या राजघराण्यानें तिला गेल्या शतकांत पुन्हां उभारी दिली, आणि २०२४ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. बावन्न पानांचा कॅट मागाहून युरोपियनांबरोबर आला आणि स्वस्त छपाईमुळें घरोघर पोहोंचला.

पोकरचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत, न्यू ऑर्लिअन्सच्या परिसरांत झाला आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून त्याचा प्रसार झाला. प्रथम तो वीसच पानांवर खेळला जाई. पुढें बावन्न पानें आलीं. त्याचे अनेक प्रकार झाले. आज सर्वांत अधिक खेळला जाणारा प्रकार टेक्सस प्रांतांतला असून त्याला ‘टेक्सस होल्डेम’ म्हणतात. आपली तीन पत्ती ही ‘ब्रॅग’ या इंग्रजी खेळाची पुतणी. ब्रॅग व पोकर हे एकाच कुळांतले. म्हणून केशोरीच्या छपरींतला डाव आणि अमेरिकेंतला डाव यांचें नातें लांबचें नाहीं.

या कुळाचें लक्षण एकच. मेंढीकोटांत पानावर पान पडून हात होतो. येथें तसें होत नाहीं. येथें पानें हातांत झांकलेलीं राहतात आणि लढाई पणाची होते. ज्याला आपलीं पानें मोठीं वाटतात, तो पण वाढवितो. ज्याला तीं लहान वाटतात, तो डाव सोडतो. शेवटीं दोघे उरले तर पानें उघडतात. एकच उरला तर पानें न दाखवतांच तो मधली रास नेतो. म्हणून शिकणाऱ्यानें दोन गोष्टी शिकावयाच्या: कोणतीं पानें मोठीं, आणि पण केव्हां लावावा.

मोठेपणाचा कायदा लहरीनें ठरलेला नाहीं. जें जुळणें दुर्मिळ, तें मोठें. दुर्मिळता मोजण्याचा मार्ग जुना आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘लीलावती’ंत सहा रसांपासून किती प्रकारचे स्वाद होतील तें काढण्याची रीत दिली आहे. तीच रीत पत्त्यांना लागू पडते. बावन्न पानांतून तीन उचलावयाचीं तर बावन्न, एकावन्न व पन्नास यांचा गुणाकार करून त्यास सहानें भागावें. उत्तर २२,१०० येतें. तीन पत्तींत इतक्याच वेगळ्या पानबंदी संभवतात. त्यांपैकीं १६,४४० मध्यें कांहींच जुळलेलें नसतें. जोडी ३,७४४ वेळां येते, कलर म्हणजे एकाच घराण्याचीं तीन पानें १,०९६ वेळां, क्रमानें येणारीं तीन पानें ७२० वेळां, एकाच घराण्याचीं क्रमवार पानें ४८ वेळां आणि तीन एक्के किंवा तीन सत्त्या यांसारखी ट्रेल ५२ वेळां.

येथें चौकस श्रोता थबकेल. एकाच घराण्याचीं क्रमवार पानें ४८ आणि ट्रेल ५२; तर मग दुर्मिळ असलेली पानबंदी खालीं आणि तिच्याहून सुलभ असलेली ट्रेल वर कशी? रूढीनें ट्रेलला मान दिला आहे. गणितानें दिलेला नाहीं. फरक चारच पानबंदींचा असल्यामुळें खेळांत तो जाणवत नाहीं. तथापि रूढि आणि गणित या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हा पहिला धडा यांतून मिळतो.

पोकरमध्यें पानबंदी पांच पानांची. त्याच रीतीनें हिशेब केला तर २५,९८,९६० निरनिराळ्या पानबंदी होतात. त्यांत निम्म्याहून किंचित् अधिक वेळां कांहींच जुळत नाहीं. मग ज्याचें एक पान मोठें तो वरचढ. त्यावर एक जोडी. ती शंभरांत सुमारें बेचाळीस वेळां येते. त्यावर दोन जोड्या. त्यावर एकाच दर्जाचीं तीन पानें. त्यावर क्रमवार पांच पानें, घराणीं कोणतींही. तीं १०,२०० वेळां येतात. त्यावर एकाच घराण्याचीं पांच पानें, क्रम नसला तरी चालतो. तीं ५,१०८ वेळां. त्यावर तीन आणि दोन यांचा संसार, म्हणजे तीन राजे व दोन नव्व्या यांसारखा. तो ३,७४४ वेळां. त्यावर एकाच दर्जाचीं चार पानें, ६२४ वेळां. आणि सर्वांच्या माथ्यावर एकाच घराण्याचीं क्रमवार पांच पानें, एकंदर ४० वेळां; त्यांतील दश्शी, गुलाम, राणी, राजा व एक्का हीं पानें चार घराण्यांत मिळून चारदांच येतात.

तीन पत्ती खेळणाऱ्याची येथें हमखास चूक होते. त्याच्या खेळांत क्रम हा कलरहून मोठा. पोकरमध्यें कलर हा क्रमाहून मोठा. कारण तीन पानांत क्रम जुळणें कठीण, पांच पानांत रंग जुळणें कठीण. नियम पाठ करणारा येथें फसतो; कारण समजून घेणारा फसत नाहीं.

आतां डाव कसा चालतो तें पाहूं. पैशांऐवजीं प्रत्येकासमोर शंभर चिंचोके ठेवावे. पानें पिसून, कापून वाटावीं. होल्डेममध्यें प्रत्येकाला दोनच पानें झांकून मिळतात. वाटणाऱ्याच्या डावीकडील दोघांनीं पानें पाहण्यापूर्वींच ठराविक चिंचोके मध्यें ठेवावयाचे असतात, म्हणजे रास रिकामी राहत नाहीं. मग पाळीपाळीनें प्रत्येकापुढें तीन मार्ग असतात: पानें टाकून डाव सोडावा, समोरच्या पणाची बरोबरी करावी, किंवा पण वाढवावा. ही फेरी संपली कीं मध्यें तीन पानें उघडीं मांडतात. तीं सर्वांच्या मालकीचीं. पुन्हां पणाची फेरी. मग चौथें उघडें पान आणि फेरी, पांचवें उघडें पान आणि शेवटची फेरी. कोणी पण लावलेला नसेल तर कांहीं न लावतां पाळी पुढें देतां येते. शेवटीं हातांतलीं दोन आणि मधलीं पांच, अशा सातांतून जो उत्तम पांच निवडील तो रास घेतो.

खेळाचें खरें मर्म येथेंच आहे. तीन पत्तींत पानें हातीं पडलीं कीं तीं तेवढींच. शोध घ्यावयास वाव थोडा. होल्डेममध्यें माहिती हप्त्याहप्त्यानें उघडते आणि प्रत्येक हप्त्याला नवा निर्णय घ्यावा लागतो. ज्याची पाळी शेवटीं येते, त्याला इतरांचे निर्णय पाहून आपला निर्णय करतां येतो. म्हणून बसण्याची जागा हीच एक ताकद असते. नवशिक्यानें आधीं बोलण्याची पाळी असतां फक्त उत्तम पानांवर डावांत उतरावें, शेवटीं बोलण्याची पाळी असतां थोडी सैल दोरी ठेवावी. उत्तम पानें किती विरळ असतात हेंही लक्षांत असावें. हातांत कोणतीही जोडी येण्याचा योग सतरा डावांत एकदां. दोन एक्के येण्याचा योग दोनशें एकवीस डावांत एकदां. दर डावाला उतरणारा माणूस अर्थातच बहुतेक वेळां रिकाम्या हातानें उतरलेला असतो.

एक हिशेब मांडून दाखविला पाहिजे, कारण तो कळला कीं पोकर कळला. समजा, एका गड्याच्या हातांत बदामाचीं दोन पानें आहेत आणि मध्यें उघडलेल्या चार पानांत बदाम दोन आहेत. आणखी एक बदाम आला तर त्याचा कलर होऊन तो जिंकेल. न आला तर हरेल. त्यानें सहा पानें पाहिलीं आहेत; न पाहिलेलीं सेहेचाळीस. त्यांत बदाम नऊ. राशींत ऐंशीं चिंचोके होते आणि प्रतिपक्षानें वीस लावले, म्हणजे रास शंभरांची झाली. बरोबरी करण्यास वीस द्यावे लागतील. द्यावे काय? हाच प्रसंग सेहेचाळीस वेळां आला असें धरावें. नऊ वेळां शंभर मिळून नऊशें येतील. सदतीस वेळां वीस जाऊन सातशें चाळीस जातील. एकशें साठांचा फायदा, बरोबरी करावी. आतां प्रतिपक्षानें वीसऐवजीं चाळीस लावले असें समजा. रास एकशें वीसांची झाली. नऊ वेळां जिंकून एक हजार ऐंशीं येतील, पण सदतीस वेळां चाळीस जाऊन एक हजार चारशें ऐंशीं जातील. चारशेंचा तोटा, पानें टाकावीं.

पानें तींच, आशा तीच, फक्त किंमत बदलली आणि उत्तर उलटलें. ‘बदाम येईल काय?’ हा प्रश्न जुगाऱ्याचा. ‘बदाम येण्याच्या योगाची किंमत किती, आणि मागितली जात आहे किती?’ हा प्रश्न खेळाडूचा. मिरची आज विकावी कीं चार दिवस ठेवावी, हें ठरविणारा शेतकरी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारीत असतो.

मग कोणी म्हणेल, सारें गणितच असेल तर माणसांची गरज काय? गरज आहे, ती थापेमुळें. ज्याच्याकडे कांहीं नाहीं, तोही मोठा पण लावून बलवानाचें सोंग आणूं शकतो आणि भ्यालेल्या प्रतिपक्षाकडून रास हिरावून घेऊं शकतो. थाप म्हणजे केवळ धूर्तपणा असें पुष्कळांना वाटतें. परंतु जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें १९२८ सालीं खेळांच्या शास्त्राचा पाया घातला आणि १९४४ सालीं मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासह लिहिलेल्या ग्रंथांत पोकरचा विचार करून दाखविलें कीं, थाप ही उत्तम खेळाचा आवश्यक भाग आहे. जो कधींच थाप मारीत नाहीं, त्याचा मोठा पण पाहून सर्वजण डाव सोडतात आणि त्याला उत्तम पानांचाही मोबदला मिळत नाहीं. जो नेहमींच थाप मारतो, त्याला सर्वजण पकडतात. मोजक्या प्रमाणांत मारलेली थाप खऱ्या पानांची किंमत राखते. २०१७ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ नांवाच्या संगणक-प्रणालीनें चार निष्णात खेळाडूंना वीस दिवसांत हरविलें. त्या यंत्राला चेहरा नव्हता कीं भीति नव्हती, तरी तें थापा मारीत होतें. चेहरे वाचणें ही पोकरमधील शेवटची विद्या आहे, पहिली नव्हे, हें यावरून दिसेल.

पहिली विद्या पानें टाकण्याची. ऐकावयास सोपी, आचरावयास सर्वांत कठीण. एकदां राशींत तीस चिंचोके गेले कीं माणूस म्हणतो, ‘एवढे घातले, आतां मागें कसें फिरावें?’ परंतु राशींत गेलेले चिंचोके त्याचे राहिलेले नसतात. ते राशीचे असतात. निर्णय करावयाचा तो पुढच्या चिंचोक्यांचा. सभापर्वांतील युधिष्ठिर हें या चुकीचें भारतीय मनाला ठाऊक असलेलें सर्वांत भयंकर उदाहरण. धन गेलें म्हणून राज्य लावलें, राज्य गेलें म्हणून भाऊ लावले, मग स्वतःस आणि शेवटीं द्रौपदीस. शकुनीचे फांसे कपटाचे होते, हें खरें. पण प्रत्येक फेंकीनंतर उठून जाण्याचा मार्ग मोकळा होता, हेंही तितकेंच खरें. गेलेलें परत आणण्याची घाई हीच त्याची खरी प्रतिपक्षी होती.

म्हणूनच या खेळाचा विचार कायद्याला वगळून पुरा होत नाहीं. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यानें आणि मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्यानें जुगारावर बंदी घातली. मात्र केवळ कौशल्याच्या खेळांना त्यांतून वगळलें. कौशल्य कोठें संपतें आणि दैव कोठें सुरू होतें, हा वाद तेव्हांपासून चालू आहे. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलें आणि तीन पानांचा खेळ हा केवळ दैवाचा खेळ म्हणून तिच्याहून वेगळा काढला. पोकरविषयीं एकमत झालें नाहीं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानें त्याला जुगाराच्या व्याख्येंतून वगळलें. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ सालीं त्याला दैवाच्या खेळांत गणलें. गोव्यानें १९९० नंतरच्या दशकांत कायदा बदलून जुगारगृहांस वाट दिली, आणि मांडवीच्या पात्रांतील जहाजांवर हीं मेजें मांडलीं गेलीं. महाराष्ट्रानें मात्र जुगारगृहांचा १९७६ चा कायदा कधींच अमलांत न आणतां २०२३ सालीं रद्द केला.

मग आला भ्रमणध्वनि. छपरींतल्या डावाला चार माणसें लागत, वेळ लागे, दिवा लागे आणि घरच्यांची नजर चुकवावी लागे. हातांतल्या पडद्यावरील डावाला यांपैकीं कांहींच लागत नाहीं. तो मध्यरात्रीं चालतो, धानाच्या चुकाऱ्याचे पैसे बँकेंत जमा होतांच चालतो, आणि हरलेला माणूस हरला हें शेजाऱ्यालाही कळत नाहीं. २००३ सालीं अमेरिकेंत ख्रिस मनीमेकर नांवाच्या एका हिशेबनीसानें अशाच पडद्यावरील लहानशा स्पर्धेंतून जागतिक स्पर्धेंत प्रवेश मिळविला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकले. त्याचें नांव जगभर झालें. परंतु त्या स्पर्धेंत ८३९ खेळाडू होते, आणि बाकीच्यांचीं नांवें कोणी जाहिरातींत छापलीं नाहींत. भारतांतही तशाच आशेवर घरें पोखरलीं गेलीं, तेव्हां २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे.

या मनाईमागें साधें अंकगणित आहे. चार शेजारी खेळले तर एकाचें गेलेलें दुसऱ्याकडे जातें. एकूण रक्कम तेवढीच राहते. मध्यें मेजाचा मालक आला कीं प्रत्येक राशींतून तो आपला वाटा काढून घेतो. डाव पुष्कळ झाले कीं खेळणारे सगळे मिळून हरतात आणि मालक तेवढा जिंकतो. मोजक्या निष्णात खेळाडूंची मिळकत याच हरणाऱ्यांच्या खिशांतून येते. पोकरमध्यें कौशल्य आहे, यांत शंका नाहीं. पण कौशल्य अनेक डावांच्या सरासरींत दिसतें, एका रात्रींत नाहीं. एका रात्रीं मूर्ख जिंकतो आणि शहाणा हरतो, आणि त्या मूर्खाला आपण शहाणे आहोंत असें वाटूं लागतें, हाच या खेळाचा मोठा सांपळा.

तेव्हां हा खेळ शिकूंच नये काय? चिंचोक्यांवर अवश्य शिकावा. संध्याकाळ ठरवावी, चिंचोके मोजून घ्यावे, संपले कीं उठावें. प्रत्येक डावानंतर हरलेल्यानें आपलीं पानें उघडून दाखवावीं आणि कोठें टाकावयास हवीं होतीं तें चौघांनीं मिळून ठरवावें. पैशाच्या डावांत ही चर्चा कधींच होत नाहीं, कारण तेथें एकाचें अज्ञान हें दुसऱ्याचें उत्पन्न असतें. चिंचोक्यांच्या डावांत मात्र लहान मुलगाही शक्यतेचें गणित शिकतो, हातांत कांहीं नसतां शांत बसावयास शिकतो, आणि मोठ्यानें बोलणाऱ्याकडे मोठीं पानें असतीलच असें नाहीं, हेंही शिकतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एका जुगाऱ्याचें सूक्त आहे. घरदार गमावलेल्या त्या माणसाला शेवटीं जो उपदेश मिळतो, तो फांसे टाकून देण्याचा आणि शेती करण्याचा. तीन हजार वर्षांपूर्वींचा तो उपदेश केशोरीच्या छपरींत आजही शिळा वाटणार नाहीं. बाहेर झड थांबलेली असते, बांधींत पाणी साचलेलें असतें आणि रोवणी खोळंबलेली असते. अशा वेळीं हातांतलीं पानें कितीही चांगलीं असलीं तरी तीं खालीं ठेवून जो उठतो, त्याला पोकरची मूळतत्त्वें पुरतीं समजलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.